तातेरावांच्या गालावरचा वण

रविंद्रने तो कॅमेरा माझ्या काउंटरवर ठेवला तेव्हा मला हसूच आलं. दोन हजार पाच साल. हिंगोलीत बावीस वर्षं मी फोटो स्टुडिओ चालवत होतो आणि कॅमेरा म्हणजे मान दुखवणारं वजन, अशी माझी ठाम समजूत होती. हा साखरा गावचा शाळामास्तर मात्र साबणाच्या वडीएवढं स्वस्तातलं डबडं घेऊन आला होता.

"भिंग नामांकित कंपनीचं हाय, रामप्रसादभाऊ," तो म्हणाला.

"नाव काय, कुनीबी छापतंय. लेकराला खेळायला दे."

त्याने ते मनावर घेतलं नाही. त्याचा जीव दुसरीकडेच होता. आठ दिवसांपूर्वी त्याचे वडील तातेराव वारले होते. रविवारी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता आणि समोर ठेवायला घरात धड फोटो नव्हता. मतदार कार्डावर एक होता, पण त्यात माणूस आहे की भूत ते कळत नव्हतं. कॅमेरा दिसला की तातेराव बाजूला सरकायचे. जे काही होतं ते त्या डबड्यात. जयंतीच्या दिवशीचा एक फोटो, पुढे दहाबारा माणसं आणि मागे लिंबाखाली तातेराव, बोराएवढ्या तोंडाचे.

"मायनं येकच सांगितलं," रविंद्र म्हणाला. "त्यांचं तोंड बराबर दिसलं पायजे."

मी फोटो कॉम्प्युटरवर घेतला. त्याच्या कार्डात जेमतेम बारा फोटो मावायचे. रविवारसाठी जागा हवी, म्हणून त्याने माझ्यासमोरच कार्ड कोरं केलं. "तुमच्याकडं हायच की," म्हणाला. मीही खुशाल मान डोलावली.

तो गेल्यावर मी फोटो मोठा करायला घेतला. आता याचे चौकोन चौकोन होणार आणि मास्तरला मी चार शब्द सुनावणार, अशी तयारी होती. पण फोटो फुटेचना. तातेरावांच्या दाढीचे पांढरे खुंट दिसायला लागले. शर्टाचं एक बटण वेगळ्याच दोऱ्याने शिवलेलं दिसलं. डोळ्याच्या कोपऱ्यापासून जबड्यापर्यंत डाव्या गालावर जुना वण होता आणि खाली त्याला दोन फाटे फुटले होते, तेसुद्धा दिसले. मी खुर्चीतून उठलोच. दुकानात एकटा होतो, तरी मोठ्याने म्हणालो, "आयला, काय भिंग हाय!" माझ्या अवजड कॅमेऱ्याची मला त्या क्षणी कीव आली.

त्या आनंदातच हात नेहमीच्या कामाला लागला. गेलेल्या माणसाला आम्ही स्टुडिओवाले कोट चढवतो, रंग उजळतो, सुरकुत्या, डाग, वण पुसतो. हे कुणी सांगावं लागत नाही. नाही केलं तर उलट गिऱ्हाईक भांडतं. तातेरावांचा गाल मी दोन मिनिटांत गुळगुळीत केला, अंगावर कोट चढवला, त्याच नावाने फोटो सेव्ह केला, मॅट कागदावर छापला आणि फ्रेममध्ये बसवला. स्वतःवर इतका खूश मी क्वचितच झालो असेन.

शनिवारी रविंद्र आईला घेऊन आला. मालनबाईंनी फ्रेम मांडीवर घेतली आणि बराच वेळ पाहिली.

"ह्ये कोन?"

"माय, बाबा हायेत," रविंद्र म्हणाला.

"न्हाई. गालावरचं काहून पुसलं?"

"डाग होता, मावशी," मी म्हणालो.

"डाग? बैल माझ्यावर उधळला तवा मधी पडले ते. शिंग गालात शिरलं. ह्यो पोटात होता माझ्या."

रविंद्र आईकडे बघतच राहिला. बाबांना पत्रा लागला होता, असंच तो आजवर ऐकत आला होता.

मी कॉम्प्युटरकडे धावलो. फाइल एकच होती, कोटातली; त्याच नावाने सेव्ह करताना मूळ फोटो पुसला गेला होता. सगळं उलटंपालटं केलं, कुठे काही नाही. कार्ड तर कोरंच. एवढ्याशा डबड्याने जपलेलं मी माझ्या हाताने घालवलं होतं, आणि मला माझी भयंकर लाज वाटली.

"मी हातानं काढून देतो," असं म्हणून मी फ्रेम उघडली, निगेटिव्हवर काम करायची जुनी पेन्सिल घेतली. टोक कागदावर टेकवलं आणि थांबलो. फाटे कुठल्या बाजूला वळत होते, तेच आठवेना.

"आना इकडं," मालनबाई म्हणाल्या.

आयुष्यात कधी पेन्सिल धरली नसेल त्यांनी. त्यांनी डोळे मिटले, फोटोतल्या गालावरून अंगठा हलकेच खाली नेला. मग डोळे उघडून, पेन्सिल मुठीत धरून, सावकाश एक रेघ ओढली. जबड्यापाशी थांबल्या. एक आखूड फाटा कानाकडे, एक लांब हनुवटीकडे.

पडद्यावर मी पाहिला होता तो हाच वण होता, तस्साच. आणि या बाईंनी तो मूळ फोटो एकदाही पाहिलेला नव्हता.

"आता हायेत," त्या म्हणाल्या. "कोट ऱ्हाऊ द्या. लई हौस होती त्यान्ला."

रविंद्र आईकडे वळला. म्हणाला, "माय, मला का न्हाई सांगितलं?"

"त्यांनी सांगू दिलं न्हाई. पोराला वझं वाटंल म्हनले."

रविंद्रने तोंड फिरवलं. अशा वेळी मी खेकसतो.

"मास्तर, कॅमेरा काढ," मी म्हणालो. "मायचा फोटो घे, आत्ताच्या आत्ता. आन् तो फोटो माझ्याकडं दुरुस्तीला आनू नको."