चाकाखालचा ठोकळा

मी ठोकळा बोलतोय. हसलात ना? हसा. डोकं न चालणाऱ्या माणसाला तुम्ही ठोकळा म्हणता, हे मला ठाऊक आहे. पण शे-दीडशे माणसं पोटात घेऊन आभाळातून उतरलेलं विमान शेवटी कुणाला टेकून उभं राहतं? मलाच!

एका सुतारानं मला तिरपं तासलं, पिवळा रंग फासला, उचलायला दोरी ओवली आणि विमानतळावर धाडलं.

तिथलं काम सांगतो. उतरताना वेग आवरून आवरून विमानाचे ब्रेक भाजून निघतात. ते निवायला सोडून ठेवावे लागतात. म्हणून विमान जागेवर थांबलं की आम्हा ठोकळ्यांची जोडी चाकाला पुढून-मागून लावतात. मग समोर उभं असलेलं माणूस दोन्ही मुठी वर करतं आणि अंगठे आत वळवून एकमेकांजवळ आणतं. म्हणजे ठोकळे लागले. ती खूण दिसली की वैमानिक बिनघोर ब्रेक सोडतो. त्याला बसल्या जागेवरून चाक दिसत नाही, सगळा भरवसा त्या दोन अंगठ्यांवर.

मला उचलणारी बाई म्हणजे सगळ्यांची ताई. जेवायच्या सुट्टीत ती माझ्यावरच बसून डबा खायची आणि मैत्रिणीला घरचं सांगायची. घरी सासूबाई चाकाच्या खुर्चीत, जीभ मात्र धावती. सून विमानतळावर आहे म्हणून त्यांनी गल्लीभर मिरवलं होतं, आणि सून ठोकळे उचलते हे कळल्यापासून त्यांचं तोंड वाकडं झालं होतं. ताई हसून सांगायची, पण तिला ते लागायचं. तिला हातात बॅटी हव्या होत्या. विमानासमोर उभं राहून, बॅटींनी इशारे करत त्याला जागेवर आणायचं होतं. नवऱ्याची स्कूटरसुद्धा ती हात वर करकरून अंगणात घ्यायची म्हणे!

एकदाची परीक्षा ठरली. नापास झाली तर पुन्हा वर्षभर ठोकळेच.

त्या दिवशी मला दुसऱ्या गड्यानं उचललं. ताई समोर, आणि तिच्या शेजारी परीक्षा घेणारे काका. विमान आलं. ताईनं डावीकडे जरासं वळवलं, हळूहळू पुढे घेतलं आणि बरोबर रेघेवर बॅटी एकमेकींवर धरल्या. विमान थांबलं. वा रे पठ्ठी! इंजिनं बंद झाली, गडी धावत आला, त्यानं मला चाकापुढे सरकवलं आणि तो बाजूला झाला.

पण माझीच दोरी माझ्या बुडाखाली अडकली होती. मी कलंडून, चाकापासून वीतभर लांब पडलो होतो. जागा उताराची, आणि समोर सामानाच्या गाडीपाशी दोन माणसं उभी. मी ओरडणार तरी कसा? माझ्यापायी आज पोरीचं वाटोळं होणार, असंच मला वाटलं.

काका घाईला आले होते. दारं खोळंबलीत, दे की खूण, म्हणाले. ताई खाली वाकली, चाकाकडे बघितलं आणि वैमानिकाला बंद मूठ दाखवत राहिली, म्हणजे ब्रेक सोडू नको.

"काका, ठोकळा टेकलेला नाही. टेकल्याशिवाय खूण नाही देणार. नापास करायचं तर करा."

गडी परत धावला, त्यानं मला नीट बसवलं. मग ताईचे अंगठे जुळले. वैमानिकानं ब्रेक सोडला आणि विमान जरासं पुढे येऊन माझ्यावर रेललं. काकांच्या तोंडचं पाणी पळालं. थोड्या वेळानं त्यांनी आपल्याच बॅटी तिच्या हातात ठेवल्या. म्हणाले, "ठेव. तुझ्याच आहेत."

पुढे रबरी ठोकळे आले आणि आम्ही भंगारात निघालो. ताईनं मला मागून घेतलं. आता मी तिच्या दाराशी, उतारावर असतो. सासूबाईंच्या खुर्चीचा ब्रेक ढिला झालाय, म्हणून संध्याकाळी त्या बाहेर येऊन बसल्या की ताई मला चाकाखाली सरकवते. ताईनं मुठी वर करून अंगठे जुळवल्याशिवाय म्हातारी ब्रेकवरचा हात काढत नाही. शेजारणीला मात्र ऐटीत सांगते, "आमची सून विमानं थांबवते."

तुम्हाला एकच विनंती. विमान थांबल्या थांबल्या उठून बॅगांना हात घालता ना, तेव्हा जरा दम धरा. खाली कुणीतरी वाकून बघत असतं.