मंगळवारची बाटली

या, असे पुढे सरकून बसा. दाराशी टेकलेत त्यांनीही आत यावं. गोष्ट लहान आहे, ती ओरडून सांगण्यात मजा नाही. डोंगरातल्या एका लहानशा शहराच्या पाण्याची ही गोष्ट. पाणी देवानं दिलेलं, पण त्याच्यावर आकडा टाकायचं काम एका माणसाकडे होतं. त्या मंगळवारी तो माणूस डोंगरउतारावरच्या एका उंच घराखाली मान वर करून उभा होता, आणि तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून दोरीला बांधलेली कापडी पिशवी हेलकावे खात खाली येत होती.

"धरली का हो बाटलीवाले?" वरून म्हातारीचा आवाज आला.

"धरली, मावशी. सोडा दोरी."

मावशी त्याला बाटलीवाले म्हणायची. बाकी सारं गाव फेसकाका म्हणे. पाणीखात्याच्या तपासणी-खोलीत एकतीस वर्षं त्यांनी फेस काढण्यात घालवली होती. त्या शहराचं पाणी डोंगरातल्या चुन्यातून झिरपून येई, आणि इतकं जड, की साबण रुसून बसे, किटलीला आतून पांढरी पुटं चढत, नळाच्या तोंडाला दाढी फुटे. ते किती जड, हे मोजायची काकांची रीत जुनीच. बाटलीत पाणी घ्यायचं, साबणाच्या द्रावणाचा एकेक थेंब सोडायचा, हलवायचं, बाटली आडवी ठेवून घड्याळाकडे बघायचं. पाच मिनिटं फेस टिकला, की थेंबांचा आकडा वहीत. थेंब जास्त, तर पाणी जड. शहरभर आकडा चौतीसच्या खाली येत नसे. फक्त वरच्या आळीत अकरा. गेली नऊ वर्षं, अकरा.

आता नियम असा होता, की नमुना तपासणाऱ्यानं स्वतःच्या हातानं नळाखाली बाटली धरून घ्यायचा. पण वरच्या आळीतलं ठरलेलं घर या मावशीचं, खिडकी खालच्या रस्त्यावर उघडणारी, पण दारापर्यंत वळसा घालून एकशे बेचाळीस पायऱ्या, आणि काकांचा उजवा गुडघा नऊ वर्षांपूर्वीच संपावर गेलेला. मावशीलाच दया आली. "कशाला चढता? पिशवी सोडते, बाटली ठेवा." पुढच्या मंगळवारी भरलेली बाटली पिशवीत तयार असायची. सोय झाली, आणि सोयीची सवय झाली.

त्या अकरा थेंबांनी गावात काय काय केलं म्हणता! एका परटानं दुकान पायऱ्या चढवून वरच्या आळीत नेलं. गिऱ्हाइकं शपथेवर सांगू लागली, की चादरी लोण्यासारख्या लागतात. त्याच्या शेजारी न्हावी आला आणि 'मऊ पाण्याची दाढी' अशी पाटी लावून बसला. खालची माणसं डबे घेऊन वर धापा टाकत जात, आणि घरी येऊन म्हणत, "बघा, डाळ कशी झटकन शिजली." खुद्द काकांची बायकोही डोकं धुवायला एक कॅन मागवी. "अहो, तुमच्या हातानं घरात एवढं एकच काम झालंय," ती म्हणे, "मऊ पाण्याचा शोध."

आणि मग आले नवे साहेब. त्यांनी काकांच्या वह्या चाळल्या आणि भिंतीवर नकाशा लावला. वरच्या टाकीचं पाणी सगळ्या शहराला द्यायचं, खालचा झरा कायमचा बंद करायचा. शुक्रवारी सभा, हात वर झाले की काम सुरू. वर शुक्रवारीच काकांची निवृत्ती. साहेब म्हणाले, "तुमच्या वह्या काचेच्या कपाटात ठेवू, काका. दर्शनी." काका त्या दिवशी घरी गेले ते जमिनीपासून चार बोटं वर.

तर ती मंगळवारची बाटली. काकांनी ती पिशवीतून काढली आणि तिथंच थबकले. बाहेर थंडी अशी, की नळाचं पाणी बोटाला चावावं. आणि बाटली कोमट होती.

त्यांनी ती गालाला लावून पाहिली. मग पायऱ्यांकडे पाहिलं. मग गुडघ्याकडे. गुडघ्यानं नकार दिला, तरी ते चढू लागले. एकशे बेचाळीस पायऱ्या आणि तीन मजले, वाटेत परटानं दोनदा बसवून पाणी पाजलं, "मऊ आहे, सोसेल," म्हणून.

मावशीनं दार उघडलं आणि ती पदर सावरायला लागली. "अगंबाई, तुम्ही वर? थांबा, चहा टाकते."

खोली एवढीशी. चुलीवर किटली. काकांनी झाकण काढून चमच्यानं आत टकटक केलं. बोटभर जाड पांढरं कवच. अकरा थेंबांच्या पाण्यानं असं कवच शंभर वर्षांतही धरलं नसतं.

"मावशी, बाटली कोमट कशी?"

"आज उठायला उशीर झाला हो. एरवी रात्रीच उकळून ठेवते. थंड होतं, गाळ खाली बसतो, मग दुहेरी कापडातून गाळते. आज निवायला वेळच मिळाला नाही. चालेल ना?"

"उकळून? कोणी सांगितलं उकळायला?"

"सांगायचं काय त्यात? पहिल्या मंगळवारी नुसतं नळाचं दिलं होतं, तर पुढल्या खेपेला तुम्ही खालून ओरडलात, मावशी, तुमचं पाणी फार जड. सगळ्या आळीनं ऐकलं. मला मेलीला लाज वाटली. सरकारी तपासणीला जायचं पाणी, आणि आपण तसंच ओबडधोबड द्यायचं? मग उकळून दिलं. तर तुम्ही म्हणालात, वा, शहरात पहिलं." ती हसली. "तेव्हापासून दर मंगळवारी म्हणता. मी खिडकीतच उभी असते ऐकायला."

काका स्टुलावर बसले. उकळलं की पाण्यातला चुना खाली बसतो, हे त्यांच्याइतकं त्या शहरात कोणाला ठाऊक होतं? ती चहाच्या नादात असताना त्यांनी खिशातली रिकामी बाटली नळाखाली धरली, स्वतःच्या हातानं. तपासणी-खोलीत तिला चौतीस थेंब लागले. त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा चौतीस.

घरी बायकोनं ताट वाढलं, तर काकांनी ते बाजूला सारून आधी बाटलीची हकिकत सांगितली. सगळं ऐकून ती आधी इतकी हसली, की डोळे पुसावे लागले. "म्हणजे मी नऊ वर्षं खालच्यासारखंच जड पाणी वरून आणवून डोकं धुतलं?" मग म्हणाली, "सांगायला लागेल हो."

"कपाट जाईल."

"वरची टाकी एकटी पुरायची नाही. झरा बंद झाला तर उन्हाळ्यात अर्ध्या गावाच्या घशाला कोरड पडेल. कपाटातल्या वह्या काय पाजणार आहेत त्यांना?"

"आणि मावशी? गावभर हसतील तिला."

"तिचं नाव कशाला घ्यायचं?" बायको म्हणाली. "पायऱ्या कोणी चढल्या नाहीत?"

शुक्रवारी सभेत काका उभे राहिले आणि वही उघडून वाचलं, "वरच्या आळीचे नऊ वर्षांचे आकडे चूक आहेत. नमुना मी स्वतः घेतला नाही. मंगळवारी घेतला. चौतीस."

परीट मागच्या बाकावरून म्हणाला, "शक्य नाही. माझ्या चादरी बघा."

साहेबांचा चेहरा नकाशासारखा निळा-लाल झाला. "मग अकरा आले कुठून?"

"बाटली रिकामी वर जायची, भरून खाली यायची. मध्ये काय होतं ते बघणं माझं काम होतं. मी बघितलं नाही."

साहेबांनी तीनदा विचारलं, काकांनी तीनदा तेच सांगितलं. नकाशा भिंतीवरून उतरला, झरा वाचला. निरोपाचा हार टेबलावरच राहिला, आणि एकतीस वर्षांच्या वह्या जुन्या पाइपांच्या कोठीत गेल्या. न्हाव्याची पाटी मात्र अजून आहे, आणि दाढ्याही मऊच होतात म्हणे.

पुढच्या मंगळवारी खात्याचा नवा माणूस तरुण गुडघे घेऊन वर जाऊन आला. तो गेल्यावर फेसकाका खिडकीखाली येऊन उभे राहिले.

"बाटलीवाले, तो दुसरा कोण? त्यानं माझी बाटली घेतलीच नाही. स्वतःच नळ सोडला."

"तो नवा आहे, मावशी. तुमची मला द्या."

दोरी हळूहळू खाली आली. काकांनी बाटली काढली, त्या थंडीत दोन्ही हातांनी धरली. मग झाकण उघडून तिथंच, रस्त्यात उभं राहून, घोट घोट प्यायले. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

"कसं आहे?" वरून आवाज आला.

"पहिलं, मावशी," काका सगळ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडले. "शहरात पहिलं."

घरी गेलात, किटली घासायला घेतलीत, आणि आतलं पांढरं कवच हाताला लागलं, तर मंडळी, क्षणभर थांबा. कोणी न सांगता, परक्याच्या बाटलीसाठी, नऊ वर्षं रात्री चूल पेटवणाऱ्या त्या मावशीची तेवढी आठवण काढा.