विमानतळावरून परतलेला पोळपाट

मी पोळपाट बोलतोय. बोलायला तोंडच लागतं असं नाही, अपमानही पुरतो.

करमाडच्या सुतारानं मला सागाच्या फळीतून घडवलं. मनकर्णाबाईंनी मला सुनेसाठी घेतलं. ही सून विशाखा. नवरा ऋतुराज. बजाजनगरातल्या त्यांच्या खोलीत मी नांदलो. पुढं ऋतुराजला परदेशातल्या कारखान्यात नोकरी लागली. लेक झाली ती तो गेल्यावर. त्यानं तिला फोनवरच पाहिलेलं.

म्हणून विशाखा महिनाभराच्या पाहुण्याच्या व्हिसावर लेकीला घेऊन निघाली. मनकर्णाबाईंनी मला बॅगेत कोंबलं.

"आई, महिन्यासाठी पोळपाट कशाला?"

"नवऱ्याच्या घरी रिकाम्या हातानं जातेत व्हय?"

तिकडच्या विमानतळावर साहेबानं बॅग उघडली. साड्यांखाली मी, माझ्याखाली लाटणं, त्याखाली वर्षभराचा काळा मसाला. त्यानं हातमोजे घालून मला उचललं. जसा काही मी चावणार होतो.

"किती दिवस राहणार?"

"एक महिना."

"मग एवढा संसार?"

"सासूबाईंनी भरलाय."

विशाखा खरंच बोलली. पण खरं बोलताना तिचा चेहरा हमखास खोटं बोलल्यासारखा होतो. ही कायमची राहायला आलीय, असं साहेबानं ठरवलं आणि पुढच्याच विमानानं आम्हाला माघारी धाडलं. दाराच्या पलीकडं ऋतुराज फुगा घेऊन उभा होता. एवढा मोठा देश, आणि एका पोळपाटाला भ्यायला. कीव येते.

घरी आलो तर शेजारच्या सुलेखाकाकू वाटीभर साखर मागायला हजर. "ऋतुराजनंच नको म्हनलं का गं?" साखर नेली, वाटी अजून आणून दिली नाही.

आता बायको म्हणून जायचा व्हिसा काढायचा होता. जालना रोडवरचा एजंट म्हणाला, "मागं परत पाठवलं ते लिहूच नका मॅडम. कोण बघतंय?" लबाडी शिकवायचीही फी घेतो हा माणूस.

विशाखानं घरी विचारलं, "आई, लिहिलं तर पुन्हा नाही म्हणतील. नाय लिहिलं अन् सापडलं तर कायमचंच बंद."

मनकर्णाबाई कणीक मळत होत्या. "खोटं लिहून नांदायला जातीस का? लिही. सासूनं पोळपाट दिला, तिचं चुकलं, असं लिही."

तिनं सगळं खरं लिहिलं. मग लग्न खरं असल्याचा पुरावा हवा होता. लग्नातल्या फोटोंत तर दोघं पकडून आणल्यासारखे उभे. शेवटी मोबाईलमध्ये एक फोटो सापडला. विशाखाला दिवस गेले होते, कणकेचा वास सोसत नव्हता, तेव्हा ऋतुराज पोळी लाटायला बसलेला. नाकाला पीठ, पोळीला पाच कोपरे. तोच तिनं जोडला. "हसतील," म्हणाली, तरी जोडला.

अर्ज गेलाय. उत्तर नाही. फोन वाजला की तिचं लाटणं थांबतं. लेक पिठाचे हात माझ्यावर पुसते आणि फोनलाच बाबा म्हणते.

साहेब, तो फोटो नीट बघा. ऋतुराजच्या पुढ्यात आहे तो मीच. मला बघूनच तुम्ही म्हणाला होतात, ही बाई संसार करायला आलीय. आता विचारताय, हिचा संसार खरा कशावरून?

तेव्हा ओळखलात ना? मग आता विसरू नका.