चिमूटभर पिवळी पूड

एकोणीसशे ब्याऐंशी सालची गोष्ट.

“वहिनी, चिमूटभर आणायला तुमचं काय जातं?” कामावर निघालेल्या तिला दिराने दारातच गाठलं. “कॅन्सरच्या सुईनं दादा नुसता ओकतोय. सुई बंद करू, तुमची पूड देऊ.”

“बाईंना विचारते,” ती म्हणाली.

प्रयोगशाळेत ती कांद्याची सालं स्पिरिटमध्ये उकळायची, गाळायची, आटवायची. तळाशी पिवळी पूड उरे. प्रयोगशाळेच्या प्रमुख, मोठ्या बाई, त्या पुडीला फ्लेव्होनॉइड म्हणत. तिचं दुसरं काम कर्करोगाच्या पेशींना खाऊ घालायचं. काचेच्या ताटलीत, अंगाच्या उबेत त्या जगवायच्या. मग बाई त्यांच्यावर पूड घालत. पेशी पटापट मरत. एकदा हे तिनेच घरी कौतुकाने सांगितलं होतं.

“तिकडे त्यांना भरवतेस, म्हणून इकडच्याही माजल्यात,” नवरा पोटावर हात ठेवून म्हणायचा. तो शिंपी होता.

ही पूड नवऱ्याला चालेल का, तिने विचारलं. बाईंनी चष्मा काढला. “ताटलीत मरतात गं. पण गिळलेली पूड रक्तात जाते किती? बरीचशी आतडं आणि यकृतच मोडून टाकतात. शिवाय सुईच्या औषधाला ती साथ देईल की आडवी येईल, मलाही ठाऊक नाही. सुई सोडू नका.”

बाटली समोरच होती. बाई जेवायला गेल्या. तिने टेबल पुसलं, बाटली जागेवर सरकवली आणि घरी आली.

“आणलीस?” नवऱ्याने अंथरुणातूनच विचारलं.

“नाही.”

“दिली नाही त्यांनी?”

“मागितली नाही मी. उद्या सुईला जायचंय.”

“चोरायची तरी, बये,” तो म्हणाला आणि कूस वळवली.

दुसऱ्या दिवशी तो सुईला गेला. पुढेही जात राहिला. सुगी सरायच्या आत वारला. ती रडली नाही. लोकांनी त्यावरूनही तिच्याकडेच बोट दाखवलं. “हातात औषध होतं, नवऱ्याला दिलं नाही,” दीर भरल्या घरात म्हणाला, आणि त्याने येणंजाणं तोडलं.

मोठ्या बाई निवृत्त झाल्या, परदेशी लेकीकडे गेल्या. पुडीवरचं काम दुसऱ्यांनी पुढे नेलं; अजून चालू आहे, अजून आशा आहे म्हणतात. ती साठीपर्यंत तिथेच राहिली.

पुष्कळ वर्षांनी दीर आला. गालफडं बसलेली. त्यालाही तेच दुखणं.

“वहिनी, काय करू?”

“सुई घ्या, भावोजी.”

त्याने घेतली. तो वाचला.

आता रविवारी येऊन बसतो. गळक्या नळाबद्दल बोलतो, गुडघ्यांबद्दल बोलतो. जाताना दारात क्षणभर थांबतो, काहीतरी म्हणायचं असल्यासारखा. ती म्हणते, “पायरी जपून.”