कचऱ्यात गेलेलं धडधाकट जाळं

मी एक जाळं बोलतोय. किनारा साफ करणाऱ्या एका संस्थेच्या प्रदर्शन-दालनात भिंतीवर टांगलंय मला आणि खाली पाटी लावलीय, ‘समुद्राचा मारेकरी’. येणारे-जाणारे ती वाचून नाक मुरडतात. मुरडू देत. पण मी समुद्रात बेवारस पडलो होतो असं जे तिथे लिहिलंय, ते साफ खोटं आहे.

माझ्या मालकाने मला स्वतःच्या हाताने विणलं, घराच्या दारात बसून. मालकीण दोरा सोडवून द्यायची आणि टोमणे मारायची, “अहो, लग्न माझ्याशी केलंत की या जाळ्याशी?”

“हे बोलत नाही, एवढाच फरक,” मालक म्हणायचा.

पुढे समुद्राची रया गेली. मला ओढून वर घ्यावं तर मासे मूठभर आणि पिशव्या, बाटल्या ढीगभर. मालक कंटाळला, त्याने मला खुंटीला अडकवलं आणि गोदामात पोती उचलायला जाऊ लागला.

मग ही संस्था आली. किनारा साफ करा, मजुरी घ्या, मजुरी कचऱ्याच्या वजनावर. आधी आमची कोळ्यांची वस्ती हसली. मजुरी हातात पडल्यावर मात्र बायका पहाटेपासून वाळूत वाकू लागल्या, त्यात माझी मालकीण सगळ्यात पुढे. खरं सांगतो, त्यांचा जीव जडला त्या किनाऱ्यावर. कुणी साधा कागद टाकला तरी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा.

पण इथेच माशी शिंकली. किनारा जसजसा स्वच्छ होत गेला, तसतसं वजन घटलं आणि मजुरीही घटली. चांगलं काम केल्याची ही शिक्षा. ती ठरवणाऱ्या शहाण्यांना काय म्हणावं, तुम्हीच सांगा.

घरात सासू अंथरुणाला खिळलेली, औषधं थांबवून चालणार नव्हतं. एका दुपारी मालकिणीने मला खुंटीवरून काढलं. “नाहीतरी धूळच खातंय,” स्वतःशीच पुटपुटली. वजन वाढावं म्हणून तिने मला समुद्रात चांगलं भिजवलं आणि संस्थेच्या वजनकाट्यावर नेऊन टाकलं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला, पण करतो काय?

संस्थेचे साहेब हरखून गेले. “असल्या सुटलेल्या जाळ्यात कासवं अडकून मरतात. ताई, फार मोठं काम केलंत.” टाळ्या पडल्या. मालकीण खाली बघत उभी राहिली.

किनारा स्वच्छ झाला म्हणून काम बंद झालं. काही महिन्यांनी ती दालनात आली आणि माझ्याखाली उभी राहून हळू आवाजात म्हणाली, “मासे परत आलेत रे. आमचे हे तुला शोधतायत. शेजाऱ्याने नेलंय म्हणून थाप मारलीय मी.” मग साहेबांकडे गेली. “ते जाळं...” एवढंच बोलली.

“तुमच्यामुळेच तर हे दालन सजलं, ताई,” साहेब म्हणाले. ती तशीच मागे फिरली. घरून आणलं म्हणावं, तर सगळ्या वस्तीत खोटारडी ठरणार.

अखेर तिने नवऱ्याला सगळं सांगितलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी दोघं मिळून आली. मालक सरळ माझ्याजवळ आला आणि माझ्या गाठींवरून बोटं फिरवू लागला. किती दिवसांनी तो हात लागला मला.

“हात लावू नका,” शिपाई म्हणाला.

“माझं आहे हे.”

“तुमचं? म्हणजे समुद्रात टाकणारे तुम्हीच होय?”

शाळेची मुलं आली होती, ती सगळी वळून बघायला लागली. मालकाने दाराशी उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“नाही, चुकलो,” तो म्हणाला. “तसंच दिसतं, एवढंच.”

आता तो दुसऱ्याच्या होडीवर मजुरीने जातो, असं शिपाई कुणाला तरी सांगत होता. मालकाचा मला राग नाही, तो आणखी काय बोलणार होता? पण तुमच्यापैकी कुणाला माझी दया आलीच, तर मला इथून उतरवा. हवं तर कचरा म्हणून फेका, पण त्याच्या दारात फेका.