बिनआवाजाचं बोलणं

कुंताबाईने पदर कमरेला खोचला, भुपेंद्रच्या हातातला माइक स्वतःच्या मुठीत घेतला आणि तलावाकडे पाठ करून उभी राहिली.

"वासुदेवरावाले सांग, धान निसवून राहिला. शेवटचं पानी आत्ताच पायजे. पन ह्यानं तुडूम बंद करून ठेवला. काहून, तं ह्याच्या हाटेलातल्या लोकाईच्या बोटी पोहल्या पायजेत. आमच्या धानाच्या जिवावर बोटी पोहवते, तं तोंडात माती पडंन म्हना त्याच्या."

भुपेंद्र तिच्या धाकट्या बहिणीचा मुलगा, भंडाऱ्याच्या न्यूज चॅनलमध्ये नोकरीला. त्याने इकडेतिकडे पाहिलं.

"मावशी, असं चालत नाही टीव्हीवर."

"चालत नाही तं पोहव," कुंताबाई म्हणाली आणि माइक त्याच्या हातात कोंबला.

चॅनल वासुदेवरावांचं होतं. सकाळचा पेपर त्यांचाच आणि तलावाच्या पाळीवर उभं राहिलेलं रिसॉर्टही त्यांचंच. ज्याचा फोटो त्यांचा पेपर छापेल तो निवडून यायचा आणि ज्याचा छापणार नाही तो उभा होता हेही लोकांना कळायचं नाही. आता तर त्यांचा स्वतःचा मुलगा उभा राहणार होता. गावची माणसं पाण्यासाठी सरकारी ऑफिसात जाऊन आली, तेव्हा साहेबाने त्यांना खुर्च्या दिल्या, चहा पाजला आणि तुडुमाची चावी नेमकी कोणाकडे आहे तेच त्याला आठवेना. तुडूम म्हणजे तलावाचं दार, ते उघडल्याशिवाय पाणी पाटात उतरत नाही. आमदार फोन उचलेना. शेवटी कुंताबाईच उठली. तुमच्याच्यानं होत नाही, मीच टीव्हीवर बोलते, असं तिने चार बायांत सांगितलं होतं आणि संध्याकाळी सगळ्यांना अंगणात बोलावलंही होतं.

अंगण भरलं. सुनेने, राखीने, टीव्ही दारात आणून ठेवला. पडद्यावर कुंताबाई आली. तोंड हलत होतं, हात हवेत उडत होता, पण आवाज बासरीचा. मग एका बाईचा गोड आवाज आला, तलावाचा कायापालट पाहून ज्येष्ठ शेतकरी महिला भारावल्या. खालची पट्टी राखी मोठ्याने वाचायला लागली, "वासुदेवरावांना दिले भरभरून..." आणि मध्येच थांबली. पुढचा शब्द आशीर्वाद होता. तो पुष्कळांनी आपला आपणच वाचला.

चहा टाकला होता, पण कोणी थांबलं नाही.

दुसऱ्या दिवशी हातपंपावर बायांनी तिला पाहून वाट करून दिली. आशीर्वादवाल्या बाईला आधी भरू द्या, असं एकीने म्हटलं. बोटीत बसवलं का नाही, अशी दुसरीने चौकशी केली. जन्मात कोणाचं उत्तर उधार न ठेवणारी कुंताबाई पाण्याचा गुंड अर्धाच भरून घरी आली. राखीने गुंडात वाकून पाहिलं.

ती बातमी चॅनलवाल्यांनी जाहिरातीसारखी लावून धरली. बातम्या संपल्या की बासरी, बासरी आली की कुंताबाई.

राखीजवळ शिवणकामाला गुड्डी यायची. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. समोरच्याचे ओठ पाहून ती बोलणं समजून घ्यायची. त्या दुपारी ती ब्लाउजचं कापड कापत होती आणि टीव्हीवर बासरी सुरू झाली. गुड्डीने सहज वर पाहिलं. कात्री खाली ठेवली. मग ती हसत सुटली. नाकाखाली बोटांनी दोन्हीकडे लांब मिशा काढल्या, तशा मिशा जिल्ह्यात वासुदेवरावांच्याच. मग दोन्ही हातांनी वल्हं मारलं. मग उठून अंगणातल्या तुळशीतली चिमूटभर माती घेतली आणि तोंडाशी नेली.

राखीचं मशीन थांबलं. कुंताबाई टीव्हीकडे आणि गुड्डीकडे आळीपाळीने पाहत राहिली.

"पाह्य व माय," ती हळूच म्हणाली, "हिलेच आयकू आलं."

गुड्डीने ते हातपंपावर करून दाखवलं. तिथून ते शहापूरच्या बाजारात गेलं. टपरीवर टीव्ही लागला आणि बासरी सुरू झाली की चहा पिणारी माणसं कुंताबाईच्या ओठांवर नजर ठेवायची, आणि नेमक्या जागी सगळी मिळून म्हणायची, तोंडात माती. वासुदेवरावांच्या खर्चाने कुंताबाई जिल्हाभर बोलत होती. हातपंपावर आता तिचा गुंड बाकीच्या बाया उचलून देत होत्या.

मग भुपेंद्र आला. खाटेवर न बसता उभाच राहिला.

"मावशी, वासुदेवराव साहेबानं ते दाखवनं बंद केलं. नवा बाइट पायजे म्हनतात. तुडूम उघडतो म्हनतात, मांगं पानी वाहतानी दिसलं पायजे अन् समोर तू. दोन शब्द चांगले बोल." तो पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिला. "नाही बोलली तं मले काढून टाकतीन."

कुंताबाईने त्याच्याकडे नीट पाहिलं. तो लहानपणी तिच्याच ताटात जेवायचा.

"पानी आदी शेवटच्या बांधीत जाऊ दे. मंग बोलीन."

तुडूम उघडला. चॅनलची गाडी पाळीवर उन्हात उभी राहिली. कॅमेरावाला सारखं घड्याळ पाहत होता आणि कुंताबाई पाटाकडे. धानाच्या वरच्या बांध्या भरल्या, मधल्या भरल्या. शेवटी टोकाच्या बांधीतून कोणीतरी हात वर केला. तेव्हा कुठे तिने पदर सारखा केला आणि वाहत्या पाण्यासमोर येऊन उभी राहिली. शेताच्या धुऱ्यावर बाया जमल्या होत्या. त्यांच्यात गुड्डीही होती.

भुपेंद्रने कानात इअरफोनची वायर घातली, माइक पुढे धरला आणि मान हलवली.

कुंताबाईचे ओठ हलू लागले. हात तलावाकडे गेला, रिसॉर्टकडे गेला, आभाळाकडे गेला. कॅमेरावाला दुरूनच खूश होता. भुपेंद्रने वायर कानात दाबून पाहिली. आत तुडुमाच्या पाण्याच्या आवाजाशिवाय काही नव्हतं. त्याने मावशीकडे पाहिलं. तिचे ओठ थांबले नाहीत. धुऱ्यावर गुड्डीने पदराचा बोळा तोंडात घातला आणि पोट धरून खाली बसली.

"साउंड ओके?" कॅमेरावाल्याने विचारलं.

भुपेंद्रने कानातली वायर काढली आणि सावकाश बोटांवर गुंडाळली.

"एकदम साफ," तो म्हणाला.