गोड गोळी

माझ्या लेकीची परीक्षा सकाळी आठला आणि तिला पेपरात जादा वेळ द्यायचा का, हे ठरवणारी महिनाभर आधीची बोटांची तपासणी दुपारी बाराला. असला कारभार कुणाच्या सुपीक डोक्यातून निघाला, देव जाणे. तिला सहाव्या वर्षी संधिवात जडला. शरीर आपल्याच सांध्यांवर उलटतं म्हणे. आता ती चौदाची आहे. सकाळी बोटं इतकी आखडलेली असतात की वेणीसुद्धा मी घालते. नाश्त्यानंतरची गोळी लागू पडली की अकरापर्यंत मोकळी होतात.

गेल्या वर्षी तपासणाऱ्या डॉक्टरांनी तिला मूठ वळायला लावली, चार ओळी लिहायला लावल्या आणि मला सुनावलं की मुलगी ठणठणीत आहे, उगाच लाड नकोत. म्हणजे सात वर्षं मी हौसेनं दवाखान्याच्या पायऱ्या झिजवत होते! जादा वेळ मिळाला नाही. निम्मा पेपर कोरा राहिला, पोरीचं वर्ष वाया गेलं.

यंदा तीच वेळ, तेच डॉक्टर. म्हटलं, सरळ बोटानं तूप निघत नाही. तपासणीच्या दिवशी सकाळी रोजच्या गोळीऐवजी तसलीच पांढरी व्हिटॅमिनची गोळी मी तिच्या हातावर ठेवली. तिला सांगितलं नाही, कारण तिला खोटं बोलताच येत नाही. तिनं ती तोंडात घोळवली, माझ्याकडे पाहिलं आणि गिळली.

बारा वाजता पेन तिच्या बोटांतून दोनदा पडलं. तिसऱ्यांदा तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा कुठे डॉक्टरांनी जादा वेळेच्या अर्जावर सही केली. कशी जिरवली, असं वाटलं मला. लाज वाटायला हवी होती, पण आनंदच झाला.

बाहेर बाकावर मी पर्समधून खरी गोळी काढली. ही दुपारची नवी गोळी सांगितलीये, असं काहीतरी ठोकून दिलं.

"सकाळची गोड होती," ती म्हणाली.

माझ्या तोंडचं पाणीच पळालं. "मग गिळलीस कशाला?"

"तू सांगतेस का, ते बघत होते. विचारलं असतंस तर रोजची गोळी मी आपणहून घेतली नसती."

तुझ्याच भल्यासाठी, वगैरे मी बोलू लागले. तिला पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडेना. मी हात पुढे केला, तर तिनं बाटली मागे घेतली आणि दातांनी झाकण फिरवलं.

परीक्षेत ती चांगली पास झाली. गोळी अजून मीच देते. ती आधी जिभेनं चाटून बघते आणि कडू लागली की मगच गिळते.